भुऱ्याचा श्रावण

मांजर टेबलावर शांत बसलं होतं आणि त्याचा मालक टेबलाचा काठ धरून हळूहळू खाली चालला होता.

"केशवभाऊ, खुर्चीवर बसा," मी म्हणाले. "सुई मांजराला टोचायची आहे. तुम्हाला नाही."

"मले नाही पाहवत जी," ते जमिनीवरूनच बोलले.

साठी ओलांडलेला हा माणूस आसगावचा शेतकरी. धानाच्या बांधीत साप निघाला तर काठीनं अलगद बाजूला सारणारा. पण इन्सुलिनची ती केसाएवढी सुई बघून त्यांना घाम फुटला होता. त्यांच्या बायकोनं, इंदूताईंनी, पदर कमरेला खोचला आणि माझ्यापुढे हात केला.

"द्या मॅडम इकडं. यायच्यानं काही होत नाही."

मी पशुवैद्य आहे. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली. गाई-म्हशींची अडलेली बाळंतपणं, बकऱ्यांच्या लसी, कोंबड्यांची साथ, हेच काम. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना म्हणून भंडाऱ्यात छोटासा दवाखाना टाकला. वाटलं होतं, कधीमधी एखादा कुत्रा येईल. आले भरपूर, आणि त्यांच्या मागोमाग मांजरंही आली. मांजरालाही डायबेटिस होतो असं सांगितलं की निम्मे लोक हसतात. उरलेले निम्मे "आमालेबी हाये" म्हणतात.

टेबलावरचा पेशंट म्हणजे भुऱ्या. राखाडी रंगाचा, रुंद जबड्याचा थोराड बोका. तरुणपणी त्यानं केशवभाऊंच्या धान साठवायच्या ढोलीजवळ एक उंदीर फिरकू दिला नव्हता. मग वय झालं आणि साहेब चुलीजवळ बसून म्हशीचं दूध आणि भात खाऊ लागले. वजन वाढलं. लोक कौतुक करू लागले. त्यानंतर ते वजन एकाएकी उतरायला लागलं. खाणं तसंच, उलट जास्तच. पाणी तर इतकं प्यायचा की घरातलं भांडं संपवून शेताकडच्या बोडीवर, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या तळ्यावर, जाऊन बसायचा. भुऱ्या चुलीच्या राखेच्या ढिगात लघवी करायचा. त्या राखेला मुंग्या लागायला लागल्या, हे इंदूताईंनी पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं, "याले तुमच्या भावासारखी शुगर झाली." आसगावहून भंडाऱ्यापर्यंत येताना निदान बरोबर घेऊनच आल्या होत्या. मला फक्त तपासून हो म्हणायचं होतं.

तपासणीतही एक गोम असते. दवाखान्यात आलेलं मांजर घाबरतं, आणि घाबरलेल्या मांजराच्या रक्तात साखर आपोआप चढते. म्हणून नुसत्या रक्तावर विश्वास ठेवायचा नाही. लघवीत साखर सापडली तरच पक्कं. भुऱ्याच्या दोन्हींत होती, आणि चांगलीच होती.

इन्सुलिन म्हणजे काय, हे मी आमच्या भागात असं सांगते. बाजार समितीत धान भरपूर आलंय, पण घरोघरी पोचवायला गाडी नाही. धान तिथंच पडून सडतंय आणि घरातले उपाशी आहेत. इन्सुलिन ही ती गाडी. भुऱ्याच्या रक्तात साखरच साखर होती, पण अंगाला काही लागत नव्हतं.

"रोज दोन वेळा इंजेक्शन," मी म्हणाले. "सकाळी आणि संध्याकाळी, जेवण झाल्यावर. एकही चुकवायचं नाही. बहुतेक आयुष्यभर."

"अन् नाही देलं तं?" केशवभाऊंनी विचारलं.

"तर फार दिवस काढणार नाही तो."

केशवभाऊंनी बायकोकडे पाहिलं. मला वाटलं, आता हिशेब होईल, मांजरच तर आहे असं कोणीतरी म्हणेल. ती वाक्यं मी अनेकदा ऐकली आहेत आणि ती म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही. पण इंदूताईंनी विचारलं ते एवढंच, "सुई कुठं टोचाची?"

नंतर कळलं. मुलगा पुण्याला, मुलगी तुमसरला दिलेली. केशवभाऊ पहाटे शेतावर गेले की अंधार पडायच्या सुमाराला परत. "दिवसभर घरात माझाच आवाज," त्या म्हणाल्या होत्या. "आयकणारा हा एकच. तोबी अर्धा येळ झोपते, पण कान हलवते." त्या हे हसत म्हणाल्या, पण भुऱ्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

मी त्यांना शिकवलं. मानेमागची कातडी चिमटीत उचलून तंबू करायचा, त्या तंबूत सुई तिरपी सरकवायची. जोर लावायचा नाही. सुई आरपार जाऊन औषध केसांत पडत नाही ना, ते हात फिरवून बघायचं. इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज एकाच मापाच्या हव्यात, दुसऱ्या मापाची सिरिंज वापरली की डोस भलताच होतो. बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या खणात नाही. सरावासाठी त्यांना वांगं दिलं. त्यांनी वांग्याला इतक्या सराईतपणे पाणी टोचलं की केशवभाऊ म्हणाले, "आता आमाले हेच खा लागते का?"

"टोचलेलं वांगं नाही शिजवत मी," त्या म्हणाल्या.

खाण्याचं मात्र मी खूप बजावून सांगितलं. मांजर हा मुळात मांस खाणारा जीव. भात आणि दूध त्याच्या अंगात साखर ओततात. "भात बंद, दूध बंद. मासोळ्या, कोंबडी, काळीज, अंडं. हळद-मिठाशिवाय उकडायचं, काटे काढायचे." तलावांचा प्रदेश आमचा, गोसीखुर्दचं धरणही जवळ. मासोळ्या मिळायला अडचण नव्हती. शिवाय घरी साखर कशी मोजायची तेही शिकवलं. भुऱ्याच्या कानाच्या कडेला बारीक टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, ग्लुकोमीटरच्या पट्टीला लावायचा आणि आकड्याचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा.

फोटो येऊ लागले. प्रत्येक फोटोत मीटर, त्यामागे भुऱ्याचा वैतागलेला चेहरा आणि कोपऱ्यात पाठ फिरवून उभे असलेले केशवभाऊ. उन्हाळा गेला, धानाची रोवणी झाली. आकडे हळूहळू खाली येत गेले. भुऱ्यानं बोडीवर जाणं सोडलं. पाठीवरची हाडं झाकली गेली. मी खूश होते. नागपूरच्या माझ्या मैत्रिणीला, जी पशुवैद्यकच शिकवते, मी फोटो पाठवत असे. ती म्हणाली, "गावातली बाई इतकं नीट करते? माझे सोसायटीतले क्लायंट रविवारी विसरतात."

आणि मग आकडे वर जायला लागले.

आधी थोडे, मग जास्त. अशा वेळी आम्ही एकेक शक्यता खोडत जातो. पहिला संशय औषधावर. त्या दिवसांत आमच्याकडे वीज सारखी जायची. इन्सुलिन तापलं की बाटलीत पाणी आणि औषध यांत फरक राहत नाही. मी नवी बाटली घ्यायला लावली. आकडे तसेच. दुसरा संशय हातावर. पवनीला माझं एक काम होतं, तसंच पुढे आसगावला गेले. इंदूताईंनी माझ्यासमोर इंजेक्शन दिलं. कातडीचा तंबू, तिरपी सुई, नंतर केसांवरून हात. कॉलेजात माझ्याबरोबर शिकणाऱ्या अर्ध्या पोरांना हे इतकं चांगलं जमलं नसतं. तिसरा संशय आतल्या आजारावर. दात किडले असतील किंवा लघवीच्या जागी इन्फेक्शन असेल तरी साखर चढते. दात बघितले, लघवी तपासली. काही नाही.

"खाणं बदललं का?" मी विचारलं.

"नाही जी. दरसालचंच हाये."

"भात नाही ना?"

त्यांनी भुऱ्याच्या मानेवरून पुन्हा हात फिरवला. "जे सांगतलं तेच करतो मॅडम."

मी मैत्रिणीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"औषध बरोबर, हात बरोबर, इन्फेक्शन नाही, खाणं तेच. मग डोस कमी पडतोय," ती म्हणाली. "थोडा वाढव. सावकाश."

मी सावकाश वाढवला. आकडे आवाक्यात आले. मी पुढच्या पेशंटकडे वळले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे पोळ्याची कर म्हणतात. पोळ्याला श्रावण संपतो. महिनाभर मांस-मासोळीला न शिवलेली घरं करीच्या दिवशी सगळी कसर भरून काढतात. सकाळपासून मटणाच्या दुकानांपुढे रांगा, घराघरातून फोडणीचा वास, आणि दुपारपर्यंत बरीचशी पुरुष मंडळी भलत्याच आनंदात. मी जेवायला बसणार तेवढ्यात केशवभाऊंचा फोन.

"मॅडम, भुऱ्या पडला जी."

"पडला म्हणजे?"

"मान टाकली त्यानं. पयले डुलत डुलत चालत होता, दारू पेल्यावानी. मले हासू आलं, म्हटलं यानंबी कर केली. मंग एकदम आडवा पडला अन् पाय झाडून राहिला." त्यांचा आवाज फाटला. "इंदूनं मांडीवर घेतला. डोये उघडेच हायेत, पण पाहून नाही राहिला तो."

डुलत चालणं, मग झटके. ही साखर वाढल्याची लक्षणं नव्हती. साखर पार तळाला गेल्याची होती. वाढलेली साखर मांजराला महिनोन् महिने खात राहते, तळाला गेलेली साखर तासाभरात मारते.

"फोन स्पीकरवर टाका. इंदूताई, घरात गूळ आहे?"

"हाये न, काल पुरण केलं होतं."

"गुळाचं घट्ट पाणी करा. बोटाला घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळा. गालाच्या आतून. तोंडात ओतू नका, ठसका लागून मरेल. चोळत राहा."

"मॅडम," त्या म्हणाल्या, "शुगरवाल्याले गूळ?"

"हो. गूळ."

"तुमीच तं सांगतलं होतं का गोड म्हणजे जहर..."

"इंदूताई, आता गूळच औषध आहे. चोळा!"

भांड्याचा आवाज आला, केशवभाऊंची धावपळ ऐकू आली. मी फोन चालूच ठेवला आणि गाडी काढली. करीच्या दिवशी शुद्धीतला ड्रायव्हर शोधून आसगावहून भंडाऱ्याला या, असं सांगण्यात अर्थ नव्हता. वाटेत तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी बैल ओढत रस्ता अडवून उभी होती. त्यांना बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, हवी होती. हाती लागली ती नोट दिली आणि निघाले. सबंध वाटेत फोनवरून इंदूताईंचा एकच आवाज येत होता. "खा रे बापू. चाट रे. चाट माह्या राजा." मधूनच केशवभाऊ म्हणायचे, "जीभ हालवली जी त्यानं." पवनीच्या अलीकडे रेंज गेली. तिथून पुढे मी काय बघत गाडी चालवली ते मला आठवत नाही.

पोचले तेव्हा भुऱ्या जिवंत होता. इंदूताईंच्या मांडीवर पडलेला, मिशा गुळानं चिकटलेल्या, डोळे अर्धवट पण माझ्याकडे वळणारे. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटातून रक्त येत होतं. झटक्यात दात लागले होते. त्यांनी ते बघितलंही नव्हतं. मी साखर मोजली. इतका गूळ पोटात जाऊनही आकडा असा होता की गूळ नसता तर मी फक्त खड्डा कुठं खणायचा ते विचारायला पोचले असते.

पुढच्या पायाची शीर शोधून ग्लुकोजचं सलाइन लावलं. बाटली टांगायला काही नव्हतं. केशवभाऊंनी ती हातात उंच धरली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"सुई निघाली का जी?"

"नाही. धरून ठेवा."

"धरतो. पण पाहत नाही."

भुऱ्यानं मान उचलली तेव्हा कुठं मी घरात नजर फिरवली. चुलीजवळ मातीची थाळी होती, भुऱ्याची. तिच्यात माशांचे काटे, स्वच्छ चाटलेले.

"सकाळी काय खाल्लं यानं?"

"करीचं जेवण जी," इंदूताई म्हणाल्या. "रोहू होती. महिन्याभरानं भेटली तं तुटून पडला बिचारा."

"महिन्याभरानं म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सूर्य कुठून उगवतो ते विचारत होते. "श्रावण नाही का होता?"

"मांजराला?"

"घराले," त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरात श्रावण कडक. मासोळी तर सोडाच, अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. चुलीवर जे शिजतं तेच घरातले सगळे खातात. नवरा, बायको आणि भुऱ्या. त्या महिनाभर भुऱ्यानं भात, वरण आणि म्हशीचं दूध खाल्लं होतं. साखर त्यामुळे चढली होती. तिच्यासाठी मी डोस वाढवला होता. आणि करीला सकाळी भाताच्या जागी पोटभर मासोळी आली, वरून तोच वाढलेला डोस. माल उरला नाही आणि गाड्या मात्र जास्तीच्या सुटल्या.

"मी विचारलं होतं, खाणं बदललं का म्हणून," मी म्हणाले.

"बदललं कुठं जी? दरसाली श्रावणात हेच असते."

"भाताचंही विचारलं होतं."

"तुमी भात बंद सांगतला, मी बंद केला. श्रावणाचं तुमी काही बोलल्या नाही. मले वाटलं, तुमीबी इथल्याच. श्रावण तं साऱ्यायलेच लागते, तुमाले का सांगाचं?" मग त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "तुमी खाता का जी श्रावणात?"

"अंडी खाते," मी म्हणाले.

त्यांनी नुसती मान डोलावली. पण त्या घरातला माझा मान त्या वाक्यासरशी थोडा उतरला, हे मला स्पष्ट दिसलं.

मी नवा डोस दिला, श्रावणाआधी होता त्याहूनही कमी. मांसाहार पुन्हा सुरू. सकाळ-संध्याकाळ कानाचा थेंब, फोटो. आकडा ठरावीक रेषेच्या खाली असेल तर इंजेक्शन द्यायचंच नाही, आधी मला फोन.

त्यानंतर जे घडलं ते मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

आकडे खाली येत राहिले. मी डोस कमी केला. तरी खाली. आणखी कमी केला. पुन्हा खाली. मला वाटलं, मीटर बिघडलं. केशवभाऊंना भुऱ्याला घेऊन भंडाऱ्याला बोलावलं. माझ्या मीटरवरही तोच आकडा. दिवाळीनंतर, गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायच्या दिवसांत, डोस इतका लहान झाला होता की सिरिंजमध्ये दिसायचासुद्धा नाही. मैत्रीण म्हणाली, "थांबव. बघू काय होतं."

थांबवला. त्या दिवशीचा फोटो येईपर्यंत मी दवाखान्यात नुसती येरझारा घालत होते. आकडा निरोगी मांजराचा. दुसऱ्या दिवशी तोच. आठवडा गेला, पुढचाही गेला. बाहेरून इन्सुलिनचा थेंब नाही आणि साखर जागेवर.

याला रेमिशन म्हणतात. पोटात जठरामागे स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो, तो इन्सुलिन तयार करतो. रक्तात सतत साखर साचली की तो थकतो, काम टाकून बसतो. काही मांजरांमध्ये बाहेरून इन्सुलिन देऊन आणि भात-दूध बंद करून त्याला वेळेत विश्रांती दिली, तर तो परत कामाला लागतो. सगळ्यांचा लागत नाही. का लागतो, किती दिवस लागतो, कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. उभी हयात मी जनावरांच्या शरीरात हात घातलेत. उलटं वासरू सरळ केलंय, फुगलेलं पोट फोडून हवा काढलीय. शरीराबद्दल मला आता नवल वाटायचं काही उरलं नाही, असं मी समजत होते. पण त्या मीटरवरचा साधासा आकडा बघून माझ्या अंगावर काटा आला. टाकून दिलेलं यंत्र कोणी हात न लावता आतून सुरू झालं होतं. माझं त्यात काय होतं, ते मी अजून शोधते आहे.

मी इंदूताईंना फोन केला. "तुमचा भुऱ्या स्वतःच इन्सुलिन बनवतोय."

"घरीच?" त्यांनी विचारलं.

"पोटात."

त्या रडल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सुई बंद?" मागून केशवभाऊंचा "हर हर महादेव" ऐकू आला.

पण मला पुढचं सांगणं भाग होतं. रेमिशन म्हणजे बरं होणं नाही. भात-दूध परत सुरू झालं, तर आजार परत येतो आणि दुसऱ्यांदा स्वादुपिंड जागं होईलच असं नाही. मासोळी वर्षभर हवी.

"बारा महिने?"

"बारा महिने, इंदूताई."

त्या फोनवरच काहीतरी पुटपुटत मोजू लागल्या. त्या काय मोजत होत्या ते मला कळलं, आणि मी विषय वाढवला नाही. इंदूताई गावच्या भजन मंडळात पुढे बसणाऱ्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या चुलीनं श्रावणात मासोळी पाहिली नव्हती. सासूनं घालून दिलेला नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. मी त्यांना मांजरासाठी तो मोडायला सांगत होते. मी देवभोळी नाही, तरी हे सांगताना मला अवघडल्यासारखं झालं.

केशवभाऊंनी तोडगा काढला, श्रावणभर भुऱ्याला तुमसरला लेकीकडे ठेवू. मी नको म्हटलं. म्हातारं मांजर घर सोडलं की खाणं सोडतं. तयार खाद्याच्या डब्यांचंही सुचवलं. त्यांनी ते आणून बघितलं. भुऱ्यानं वास घेतला आणि त्यावर माती ओढली.

पुढच्या वर्षीचा श्रावण लागला. फोटो येत होते, आकडे ठीक होते. मी काही विचारलं नाही. एका सोमवारी लसीकरणाच्या कामासाठी त्या बाजूला गेले आणि न कळवता त्यांच्या अंगणात शिरले.

घरात कोणी नव्हतं. मागच्या बाजूला गुरांच्या कोठ्याच्या पलीकडे धूर दिसला. तीन विटांची चूल मांडलेली. त्यावर एक ॲल्युमिनियमचं भगोणं. शेजारी इंदूताई उकिडव्या बसलेल्या, नाकावर पदर घट्ट बांधलेला, डोळ्यांतून पाणी येत होतं. सोमवारचा त्यांचा निर्जळी उपास होता. आणि त्या बोटांनी रोहूचे काटे काढत होत्या. एकेक काटा उजेडाकडे धरून बघत होत्या, मागे काही राहिलं नाही ना म्हणून. समोर भुऱ्या शेपूट गुंडाळून बसला होता.

मला बघून त्या दचकल्या. मग हसल्या. पदराखालून नीट दिसलं नाही, पण डोळे हसले.

"रोज दोन वेळ?" मी विचारलं.

"दोन वेळ जी. शिजवतो, चारतो, मंग तिकडंच आंघोळ करून घरात जातो."

"दोनदा आंघोळ?"

"तीनदा. सकायची देवाची धरून."

भजन मंडळातल्या बायका काय म्हणाल्या, हे मी विचारलं. म्हणाल्या होत्या. इंदूबाईच्या आवारात श्रावणात मासोळी शिजते, हे गावभर झालं होतं. एका बाईनं तर पंगतीत त्यांच्याशेजारी बसायचं टाळलं होतं. इंदूताईंनी हे सगळं काटे काढता काढता सांगितलं, भाजीचे भाव सांगावेत तसं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"का म्हणणार? सांगतलं, बाई, श्रावण माहा हाये. त्याचा नाही. मी कबूल केला, म्हणून मी पाळतो. त्यानं कवा कबूल केला होता?" त्यांनी शेवटचा तुकडा भुऱ्याच्या थाळीत ठेवला. "आपला नेम दुसऱ्याच्या पोटावर कायले पाळाचा?"

माझं शिक्षण झालंय, पेन्शन आहे, भिंतीवर डिग्री आहे. धर्म, नेम, उपास यांवर मी खूप वाद घातलेत, घरात आणि बाहेर. इतकं सरळ मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि ही बाई त्या क्षणी उपाशी होती, तिच्या घशाखाली पाण्याचा थेंब नव्हता, आणि ज्या वासानं तिला मळमळत होतं त्याच्यात बसून ती एका बोक्याचं जेवण निवडत होती. मी तिला मनातल्या मनात हात जोडले. उघड जोडले असते तर तिनं मलाच वेड्यात काढलं असतं.

भुऱ्याचं जेवण झालं. मी त्याच्या कानाला टोचून थेंब घेतला. मीटरवर आकडा उमटला.

"किती जी?"

मी मीटर त्यांच्यासमोर धरलं. आकडा उत्तम होता. त्यांनी मान हलवली, भगोणं उचललं आणि आंघोळीला निघून गेल्या.

भुऱ्या अजून आहे, इन्सुलिनशिवाय. मी दवाखान्यात एक बदल केला. डायबेटिसचं मांजर आलं की वजन, वय आणि पाणी किती पितं याच्याही आधी विचारते, घरी श्रावण पाळता का?

लोक गोंधळतात. "कोणाचा जी? आमचा का मांजराचा?"

"ते आधी ठरवून या," मी म्हणते. "डोस मग सांगते."